तुरुंग : शब्द आणि इतिहास

माणसांप्रमाणे शब्दांचीही वंशावळ असते. रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द कोठून आला याचा शोध घेतला, की त्याच्याबरोबर समाजाचा इतिहासही हाती लागतो. 'तुरुंग' हा असाच एक शब्द आहे. कानाला तो अस्सल मराठी वाटतो. पण तो आला आहे समुद्रापलीकडून.

इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. चौल, वसई ही कोकण किनाऱ्यावरील ठाणीही पुढे त्यांच्या ताब्यात गेली. त्यांच्या भाषेत 'त्रोंको' म्हणजे झाडाचे खोड. जड ओंडक्याला भोके पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवीत. म्हणून कैदी ठेवण्याच्या जागेलाही तेच नाव पडले. त्याच 'त्रोंको'चा आपल्याकडे 'तुरुंग' झाला. मौज अशी की मराठीनेही आपल्या परीने हाच मार्ग धरला होता. आपला 'खोडा' हा शब्द 'खोड' याच शब्दाचा सोयरा आहे.

आता याच घराण्यातील इतर शब्द पाहू. 'कैद' हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ बेडी. त्याला फारसी 'खाना' जोडून 'कैदखाना' झाला. 'बंदी' या शब्दाच्या मुळाशी बांधणे आहे. 'जेल' हा इंग्रजी शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ पिंजरा या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. 'प्रिझन'चा मूळ अर्थ पकडणे, धरणे. ओंडका, बेडी, बंधन, पिंजरा, पकड! यांतील एकाही शब्दाचा मूळ अर्थ 'शिक्षा' असा नाही.

हा केवळ योगायोग नव्हे. तुरुंग माणसांना धरून ठेवण्यासाठी असावा, शिक्षा करण्यासाठी नव्हे, असे रोमन कायदेपंडित उल्पियन याने तिसऱ्या शतकातच लिहून ठेवले होते. जुन्या काळी आरोपीला निकाल लागेपर्यंत डांबून ठेवीत. शिक्षा म्हणजे मुख्यतः दंड, फटके, हद्दपारी किंवा मृत्यू. ठराविक वर्षांचा कारावास हीच नेहमीची शिक्षा, ही पद्धत आपल्याकडे पक्की झाली ती इंग्रजी अमलात. १८३६ मध्ये नेमलेल्या समितीने, जिचा मेकॉले हा एक सभासद होता, १८३८ मध्ये तुरुंगांविषयी अहवाल दिला. १८६० च्या दंडसंहितेने गुन्ह्यागणिक कारावासाची मुदत ठरवली. १८७१ मध्ये येरवड्याचा तुरुंग उभा राहिला आणि १८९४ मध्ये तुरुंगांचा कायदा झाला.

तरीही 'धरून ठेवणे' हा जुना अर्थ पुसला गेला नाही. १९३० मध्ये महात्मा गांधींना येरवड्यात ठेवले, ते १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली, खटला न चालवता. त्यांनी त्या तुरुंगाला 'मंदिर' म्हटले. मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ पासून १९४५ पर्यंत अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात खटल्याविना बंदिस्त होते. १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नीचे निधन झाले. अखेरची भेटही झाली नाही. 'गुबार-ए-खातिर' मधील पत्रे त्यांनी याच किल्ल्यात लिहिली.

आणि स्वतंत्र भारतात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांत तीन, खटल्याच्या निकालाची वाट पाहत होती. आपली भाषा त्यांना 'कच्चे कैदी' म्हणते. कच्चा म्हणजे ज्याचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असा. समाज मात्र त्याला पहिल्याच दिवशी पक्का ठरवून मोकळा होतो. त्याच्या बहिणीचे लग्न अडते, भावाची नोकरी अडते.

१९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात बिहारमधील अशाच कैद्यांची हकीकत सर्वोच्च न्यायालयापुढे आली. शिक्षा झाली असती तर जितकी भोगावी लागली असती, त्याहूनही अधिक काळ काहीजण नुसते वाट पाहत आत होते. खटला लवकर चालणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले.

पालकांनी व विद्यार्थ्यांनी काही गोष्टी पाठच करून ठेवाव्यात. प्रतिबंधक स्थानबद्धतेसारखे अपवाद सोडल्यास, अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेलेच पाहिजे. अटकेचे कारण कळण्याचा आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याला हक्क आहे; हे घटनेचे २२ वे कलम सांगते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. पुष्कळ घरांना हे ठाऊकच नसते आणि तेवढ्यापायी महिने, कधी वर्षे जातात.

ओंडका गेला, खोडा गेला, भिंती मात्र राहिल्या. त्या भिंतींआड वाट पाहणाऱ्या माणसाला गुन्हेगार म्हणण्यापूर्वी न्यायालयाच्या निकालाइतके तरी आपण थांबावे. आणि आपल्या मुलामुलींपैकी काहींनी कायद्याचा अभ्यास करून त्यांच्या बाजूने उभे राहावे. शिक्षणाचे याहून चांगले चीज ते कोणते?