गोंडवाना नेमका कुठे आहे? नागपूरहून निघालात तर काय काय दिसतं?

गोंडवाना नावाचा आज जिल्हाही नाही आणि राज्यही नाही. तरी गडचिरोलीतल्या विद्यापीठाला हे नाव आहे आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका महाखंडालाही. भूशास्त्रज्ञ हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातल्या खडकांच्या थरांना 'गोंडवाना' म्हटलं. पुढे ऑस्ट्रियाच्या एडवर्ड झ्यूस यांनी तेच नाव दक्षिणेकडच्या अख्ख्या प्राचीन भूखंडाला दिलं. उमरेड आणि चंद्रपूरचा कोळसा याच थरांतला.

खडकांना नाव मिळालं ते मात्र माणसांवरून. गोंडांचा मुलुख तो गोंडवाना. गढा-मंडला, खेरला, देवगड आणि चांदा ही इथली चार मोठी गोंड राज्यं. यातल्या देवगडच्या राजानेच नागपूर वसवलं.

नागपूर गोंडांचं, मग भोसल्यांचं कसं झालं?

देवगडचा राजा औरंगजेबाच्या दरबारात गेला, त्याने इस्लाम स्वीकारला आणि त्याला बख्त बुलंद शाह हे नाव मिळालं. १७०२ च्या सुमारास त्याने नाग नदीकाठची गावं एकत्र करून नागपूर वसवलं. मुलगा चांद सुलतान याने राजधानीच इथे आणली. आजचा गांधीसागर, म्हणजे जुना जुम्मा तलाव, त्याच्याच काळातला.

चांद सुलतानच्या मृत्यूनंतर गादीवरून भांडण पेटलं. राणीने मदतीला रघुजी भोसल्यांना बोलावलं. ते आले आणि परत गेलेच नाहीत. १७४३ पर्यंत कारभार भोसल्यांच्या हाती गेला. गोंड राजाकडे किताब आणि तनखा उरला, राज्य उरलं नाही.

भोसल्यांचीही पाळी पुढे आली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांनी त्यांचा पराभव केला. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारसाविना गेले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. सीताबर्डीचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा मोजक्या दिवशीच तो लोकांसाठी उघडतो, त्यामुळे तारीख बघूनच जा.

चंद्रपुरात काय उरलंय?

बरंच काही. नागपूरहून साधारण १५० किलोमीटरवरचं हे शहर म्हणजे जुना चांदा. शहराभोवती गोंड राजांनी बांधलेला सुमारे ११ किलोमीटरचा परकोट आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर ही त्याची चार दारं. जटपुरा गेटमधून आजही रिक्षा, दुचाकी जातात आणि बरोबर तिथेच अडकतातही. राणी हिराईने नवऱ्यासाठी, म्हणजे बिरशहासाठी बांधलेली समाधी अंचलेश्वर मंदिराजवळ आहे. राजाने राणीसाठी बांधलेली वास्तू सगळ्यांना ठाऊक असते. ही उलटी गोष्ट चंद्रपूरबाहेर फारशी कुणी सांगत नाही.

पण या शहरातली सर्वात जड जागा म्हणजे जुना तुरुंग. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये गोंड तरुणांची फौज उभी करून इंग्रजांविरुद्ध लढा दिला. त्या एप्रिलमध्ये चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात दोन कर्मचारी मारले गेले. मग इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. त्यांच्या माणसांनीच बाबुरावांना पकडून दिलं. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी झाली. वय २५. दरवर्षी या तारखेला गोंड समाजाचे लोक तिथे जमतात. आपल्याच माणसांनी पकडून दिलं, हा भाग सांगणं अवघड आहे, पण तो वगळला तर इंग्रजांनी जमीनदारांना एकमेकांविरुद्ध कसं वापरलं हे कळत नाही.

ताडोबाला तर सगळेच जातात. हे नाव तारू या गोंड प्रमुखावरून आलं, तो वाघाशी झुंजताना मेला, असं लोक सांगतात. तलावाकाठी त्याचं देऊळ आहे. व्याघ्र प्रकल्पासाठी जामणी, नवेगाव यांसारखी आतली गावं बाहेर हलवण्यात आली. सफारीच्या जिप्सीतून हे दिसत नाही.

जिवंत गोंडवाना कुठे दिसेल?

गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला. इथल्या गुहेशी पारी कुपार लिंगो आणि काली कंकाली यांची श्रद्धा जोडलेली आहे. माघ पौर्णिमेच्या आसपास इथे यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही गोंड लोक येतात. दरेकसा हे जवळचं रेल्वे स्टेशन.

नागपुरात परतल्यावर झिरो माइलजवळचं गोवारी स्मारक बघा. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, त्यात बायका आणि मुलंही बरीच होती. मागणी होती अनुसूचित जमातीच्या दर्जाची. यादीत 'गोंड गोवारी' असं नाव आहे आणि ते आपलंच, असं समाजाचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये ते मान्य केलं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. सीताबर्डीतल्या उड्डाणपुलाला 'आदिवासी गोवारी शहीद' असं नाव आहे. त्यातल्या 'आदिवासी' या शब्दावरच वाद अजून चालू आहे.