दोन तारा, एकच खुंटी : पर्यायी वीजपुरवठ्याचा छोटा इतिहास

#थ्रेड

१/ गेल्या वर्षी कोपरगावातील एका संस्थेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी संपूर्ण नेटवर्क बंद पडले. मुख्य स्विचला दोन पॉवर सप्लाय होते, पण दोहोंच्या पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या होत्या. बोर्ड जळाला आणि दोन्ही एकदम गेले. त्या रांगेत मीही उभा होतो.

२/ ही चूक नवी नाही. ‘दोन आहेत’ आणि ‘दोन स्वतंत्र आहेत’ यांतला फरक महाराष्ट्राच्या वीज-इतिहासाने वारंवार दाखवून दिला आहे.

३/ आरंभ दूरध्वनीपासून करू. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झाले. पुढे जगभरच्या एक्स्चेंजांत ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची पद्धत रूढ झाली. बाहेरची वीज बॅटरी भारित करी आणि यंत्रणा बॅटरीवर चाले. म्हणूनच गावात अंधार असतानाही जुना तारेचा फोन वाजत असे. पर्याय तेथे आयत्या वेळी जोडावा लागत नसे, तो सदैव जोडलेलाच असे.

४/ आता मुंबईची वीज पाहा. टाटांची जलविद्युत केंद्रे क्रमाने उभी राहिली : खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. केंद्रे तीन, पण तिन्ही सह्याद्रीच्या एकाच पावसावर विसंबलेली. पावसावर अवलंबून नसलेला आधार मिळाला तो १९५६ मध्ये, तुर्भे येथील औष्णिक केंद्रामुळे.

५/ ११ डिसेंबर १९६७. पहाटे कोयनेचा भूकंप झाला. जीवितहानी मोठी होतीच, शिवाय कोयनेची वीजनिर्मिती थांबली आणि दूरवरच्या मुंबईलाही त्याची झळ पोहोचली. एका उगमावर किती भार टाकावा, हा प्रश्न त्या पहाटेने उभा केला.

६/ पुढे १९८१ मध्ये मुंबईसाठी ‘आयलँडिंग’ व्यवस्था आली. राज्याचे जाळे कोसळू लागले, तर शहराने स्वतःला त्यापासून तोडून घ्यायचे आणि स्वतःच्या केंद्रांवर तगायचे. अनेक वर्षे ही व्यवस्था आदर्श मानली गेली.

७/ मग उजाडला १२ ऑक्टोबर २०२०. कळवा–पडघा मार्गावरील एक वाहिनी दुरुस्तीसाठी बंद होती. त्यातच दुसरी निकामी झाली. भार उरलेल्या वाहिन्यांवर गेला आणि त्याही तुटल्या. लोकल थांबल्या. त्या दिवशी आयलँडिंगही तगले नाही, कारण मागणीच्या मानाने शहरातील निर्मिती तोकडी होती.

८/ यातून दोन नियम निघतात. पहिला : दुरुस्तीच्या काळात आपला ‘पर्याय’ नाहीसा झालेला असतो, म्हणून खरी जोखीम तेव्हाच असते. दुसरा : मागे उरणाऱ्याला संपूर्ण भार एकट्याने पेलता आला पाहिजे.

९/ हेच स्विचला लावून पाहा. तारेतूनच वीज घेणारे २४ कॅमेरे जोडले आणि प्रत्येकी कमाल १५.४ वॅट धरले, तर सुमारे ३७० वॅट होतात. स्विचचे स्वतःचे ८० वॅट धरा. एकूण ४५० वॅट. ३०० वॅटचे दोन पॉवर सप्लाय मिळून ६०० वॅट देतात म्हणून कागदावर सारे ठीक दिसते. पण एक गेला की उरलेला ३०० वॅटचा अपुरा पडतो. पर्याय हवा असेल, तर प्रत्येकाची क्षमता एकट्याने ४५० वॅटहून अधिक हवी.

१०/ दुसरी बाब मार्गाची. एक पिन एका यूपीएसवर आणि दुसरी वेगळ्या यूपीएसवर जावी. शक्य असल्यास दोहोंचे एमसीबी व फेजही वेगळे असावेत. पुरवठ्याची तार भिंतीपर्यंत मागे शोधत जा. जेथे दोन मार्ग एकत्र येतात, तेथेच तुमचा दुबळा बिंदू असतो.

११/ आमच्या तालुक्याला हे तत्त्व परके नाही. भारनियमनाच्या काळात घरात इन्व्हर्टर असले, तरी कंदिलाची काच पुसलेली असे. उसाच्या चिपाडावर वाफ करून स्वतःची वीज निर्माण करणारे साखर कारखाने तर आमच्या शेजारीच आहेत. पण तो आधार गाळप हंगामापुरता असतो. पर्यायालाही ऋतू असतात, हे नियोजनात धरावे लागते.

१२/ शेवटचे. न तपासलेला पर्याय म्हणजे केवळ समजूत. कामाचा ताण नसलेल्या दिवशी, पूर्वसूचना देऊन, एक पिन काढून पाहा. नंतर ती लावून दुसरी काढा. त्या संस्थेत कुणी दोन मिनिटे काढून एवढे केले असते, तर त्या दुपारी कित्येक मुलांचे अर्ज अर्धवट राहिले नसते.

(समाप्त)