इंजिन बदलल्यानंतर सेन्सर व आयडलिंगचे दोष : तपासणीचा क्रम

पेट्रोल मोटारीचे जुने इंजिन काढून दुसरे बसविल्यावर ते सुरू होते. परंतु त्याचा ‘स्लो’ वर-खाली होत राहतो, सिग्नलला गाडी बंद पडते किंवा ‘चेक इंजिन’ दिवा विझत नाही, अशी तक्रार नेहमी आढळते. अशा वेळी एकामागून एक सेन्सर बदलण्याचा खर्चिक मार्ग पत्करला जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा अर्थिंग, कनेक्टरची जोडणी अथवा हवेची गळती यांत असतो.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने त्यास सांगाड्याशी व बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी जाड पट्टी महत्त्वाची ठरते. ती राहून गेल्यास किंवा रंगाच्या थरावर आवळल्यास निर्दोष सेन्सरही चुकीचे व्होल्टेज दाखवितो. ही तपासणी झाल्यावरच स्कॅनर जोडावा. पी०३३५ हा संकेत क्रँकशाफ्ट सेन्सरच्या, तर पी०५०५ हा आयडल नियंत्रणाच्या मंडलातील दोष दर्शवितो. मंडलात तारा व जोडण्याही येतात, हे सहसा विसरले जाते.

इंजिन निराळ्या पिढीचे असल्यास क्रँकची दातेरी चकती ताडून पाहावी. ६० पैकी २ दाते वगळलेल्या चकतीसाठी तयार झालेल्या ईसीयूला ३६ पैकी १ दाता वगळलेल्या चकतीचा संकेत उलगडत नाही आणि इंजिन सुरूच होत नाही. कूलंटच्या तापमान सेन्सरची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर जवळपास सारखे दिसले पाहिजे. सेन्सरची तार तुटल्यास ईसीयू इंजिन अतिशय थंड असल्याचे समजू शकतो. मग पेट्रोल अधिक जाते व प्लग काळे पडतात.

इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट वा रबरी नळी हवा ओढत असल्यास लक्षण मोजणीच्या पद्धतीनुसार बदलते. दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या इंजिनात स्लो वाढतो. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरच्या इंजिनात न मोजलेली हवा शिरून मिश्रण विरळ होते आणि इंजिन अडखळते. गळती शोधण्यास धुराची चाचणी उत्तम. तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारणे धोक्याचे आहे. ब्रेक बूस्टरची नळी मात्र प्रथम पाहावी. अनेक मोटारींत ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात दाब याच नळीतून मिळतो. स्लो बिघडण्याबरोबरच ब्रेकचे पॅडल कडक लागत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

थ्रॉटल बॉडीच्या थांब्याचा स्क्रू पिळून स्लो वाढविण्याची सवय कार्बोरेटरच्या काळातील आहे. त्याने दोष केवळ झाकला जातो आणि थ्रॉटल सेन्सरचा मूळ बिंदूही सरकतो. थ्रॉटल स्वच्छ केल्यावर उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने ईसीयूला आयडलचे मूल्य पुन्हा शिकवावे लागते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा संबंध इंजिन बदलण्याशीही येतो. त्यामुळे नोंदणी प्राधिकरणाची मान्यता घेऊन नवा इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घेणे आवश्यक आहे.