टॉर्क कन्व्हर्टर, उच्च-स्टॉल
स्वयंचलित गिअरपेटी व एंजिन यांना तेलाच्या प्रवाहाने जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचे टर्बाइन रोखून धरले असता पूर्ण थ्रॉटलवर एंजिन मिनिटाला जितके फेरे गाठते, तो त्याचा स्टॉल वेग होय. शेवर्ले व्ही-८ एंजिन व टर्बो-हायड्रामॅटिक ३५० गिअरपेटीच्या अमेरिकी मोटारीत झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट बसवल्यास कमी फेऱ्यांवरील टॉर्क, म्हणजे एंजिनाचा पीळ, घटतो. म्हणून रोजच्या वापरासाठी सु. २,४०० फेऱ्यांचा स्टॉल योग्य ठरतो. तथापि हा वेग एंजिनाच्या टॉर्कनुसार बदलतो; शिवाय कन्व्हर्टर निवडताना मोटारीचे वजन व मागील आसाचे गिअर-गुणोत्तरही विचारात घ्यावे लागते. महामार्गावरील नेहमीचे फेरे स्टॉल वेगाच्या खाली राहिल्यास कन्व्हर्टरमधील घसरण वाढून तेल तापते व इंधन वाया जाते, त्यामुळे स्वतंत्र ऑइल कूलर आवश्यक ठरतो.