पहिल्या बेसवरचा सूर

बेसबॉलबद्दल आपल्याकडे दोन समज आहेत. एक, हा खेळ म्हणजे क्रिकेटचा बिघडलेला चुलतभाऊ. दोन, त्यात माणसे उगाचच मातीत लोळतात. पहिल्या समजाचे राहू द्या, तो वाद कधी मिटायचा नाही. दुसऱ्याबद्दल मात्र थोडे लिहावेसे वाटते. कारण मातीत लोळणे बहुतेक वेळा उगाच नसते, पण एका ठिकाणी ते खरोखरच उगाच असते. आणि नेमके तिथेच भले भले खेळाडू दीडशे वर्षे लोळत आले आहेत!

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी (आमच्या घरातच अशी मंडळी बरीच आहेत) आधी थोडक्यात मांडणी सांगतो. मैदानावर एक चौकोन असतो. त्याच्या एका कोपऱ्यात फलंदाज उभा राहतो, ती होम प्लेट. उरलेल्या तीन कोपऱ्यांवर तीन बेस, म्हणजे जमिनीला घट्ट बसवलेल्या चपट्या गाद्या. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर 90 फूट. हे अंतर 1857 साली ठरले, ते आजतागायत तसेच. चेंडू जमिनीवरून टोलावला की फलंदाजाने पहिल्या बेसकडे धाव घ्यायची. चेंडू घेतलेला क्षेत्ररक्षक त्याच्या आधी बेसला टेकला, की फलंदाज बाद. अंगाला चेंडू लावण्याची गरज नाही. फार जुन्या काळी, हे नियम बसण्यापूर्वी, पळणाऱ्याला चक्क चेंडू फेकून मारत आणि बाद करत. आपली आबाधुबीच म्हणा ना! 1845 साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने नियम लिहून काढले तेव्हा ही मारामारी बंद झाली.

आता गंमत इथे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटूला थांबावे लागते. पाय सुटून तो पुढे गेला आणि क्षेत्ररक्षकाने चेंडू लावला की संपले. म्हणून तिथे घसरत जायचे. घसरण म्हणजे ब्रेक. शिवाय अंगाला चेंडू लावायला येणाऱ्याचा हातही चुकवता येतो. पहिल्या बेसवर मात्र यातले काहीच लागत नाही. 1870 च्या सुमारास नियम झाला, की फलंदाजाने पहिल्या बेसला पाय लावला की तो तसाच पुढे धावत गेला तरी चालेल, फक्त लगेच परत यायचे आणि दुसऱ्या बेसकडे वळायचे नाही. पूर्ण वेगात आलेला माणूस हातभर गादीवर एकदम थांबू लागला तर घोटा सांभाळणार कसा? म्हणजे थांबण्याच्या सक्तीतून नियमानेच त्याची सुटका केली. आणि तरीही काही जण पहिल्या बेसवर सूर मारतात.

घसरण्याचे वेड मात्र नियमाहून जबरदस्त निघाले. 1880 च्या दशकात शिकागोच्या संघात माइक केली नावाचा खेळाडू होता. लोक त्याला ‘किंग’ म्हणत. त्याच्या घसरण्यावर प्रेक्षक इतके फिदा होते की 1887 साली बॉस्टनने त्याला 10,000 डॉलर्सना विकत घेतले, त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. पुढे 1889 मध्ये त्याच्या घसरण्यावर गाणे निघाले आणि ते नाटकगृहांतून गाजले. 1894 साली, वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी तो न्युमोनियाने गेला. दवाखान्यात नेताना म्हणे तो स्ट्रेचरवरून घसरला आणि ही आपली शेवटची घसरण असे म्हणाला. दंतकथाच असावी, पण दंतकथा कोणाच्या वाट्याला येतात ते बघा! न थांबता सरळ धावत गेलेल्या कुठल्या माणसावर अजून गाणे निघाल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता हिशोब करू (सवय जात नाही). आजच्या अमेरिकन मेजर लीगमधल्या खेळाडूचा पूर्ण भरातला वेग सरासरी सेकंदाला 27 फूट. पहिला बेस गाठायला उजव्या हाताने खेळणाऱ्याला साधारण 4.3 सेकंद लागतात. डावखुरा बेसच्या बाजूलाच उभा असल्यामुळे त्याला थोडे कमी. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग इकडे तिकडे झाला, तर जवळजवळ पावणेतीन फुटांचा फरक. माणूस जमिनीवर पडला की पायांची रेटण्याची ताकद संपते आणि मातीचे घर्षण सुरू होते. घसरणारा प्रत्येक फूट धावणाऱ्या फुटापेक्षा महाग पडतो.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, मग 10 जुलै 2019 ला मँचेस्टरला धोनीने सूर मारायला हवा होता असे आपण सगळे का म्हणत बसलो? प्रश्न रास्त आहे. पण क्रिकेटमध्ये हातात लांब बॅट असते आणि ती रेषेपलीकडे जमिनीला टेकवायची असते. सूर मारला की हात अधिक बॅट एवढी लांबी पदरात पडते. बेसबॉलमध्ये बॅट मागेच टाकून यायची असते आणि बेसला लागणारा पाय तर धावताना पुढे पडतच असतो. दुसरा दाखला 2016 च्या रिओ ऑलिंपिकचा. शॉने मिलरने 400 मीटरची शर्यत पडता पडता जिंकली, अवघ्या सात शतांश सेकंदांनी. तिथे धड रेषेपलीकडे गेले की पुरते, आणि ती जमिनीवर आपटण्याआधीच ते गेलेले असते. हवेत असताना काही इंच मिळतात हे मी नाकारत नाही. पण बेस जमिनीवर आहे. तिथवर हवेतून अचूक पोचणे, एक फूटही मातीत न घासता, हे शंभरात एखाद्याला साधणार.

अपवाद सांगायलाच हवा. फेक वाईट आली, पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक जागा सोडून पुढे सरकला आणि आता धावपटूच्या अंगालाच चेंडू लावायला बघतो आहे, अशा वेळी खाली जाऊन त्याचा हात चुकवणे शहाणपणाचे. रॉबर्टो अलोमारसारखा अव्वल खेळाडू मात्र पहिल्या बेसवर सूर मारण्यासाठीच ओळखला जाई. तेव्हा हे अडाण्यांचे काम आहे असे कोणी समजू नये.

आता संगणकाकडे वळतो, कारण हा विषय माझ्या डोक्यात तिथूनच शिरला. अमेरिकेतला आमचा नातू पडद्यावर बेसबॉल खेळतो आणि मला शेजारी बसवून घेतो. मला बटणे कळत नाहीत, पण खेळ कळू लागला. एकदा त्याने आपल्या माणसाला पहिल्या बेसवर सूर मारायला लावला आणि तो बाद झाला. मी विचारले, “अरे, पळून गेला असतास तर?” तो म्हणाला, “आजोबा, पण दिसायला किती भारी दिसलं!” मी गप्प बसलो. किंग केलीच्या प्रेक्षकांनीही याहून वेगळे काय म्हटले असेल?

मग या खेळांचा इतिहास वाचत गेलो. 1961 साली जॉन बर्जेसन यांनी आयबीएमच्या 1620 या संगणकावर बेसबॉलचा कार्यक्रम लिहिला. 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात डॉन डॅग्लो या विद्यार्थ्याने कॉलेजच्या मोठ्या संगणकावर दुसरा लिहिला. या दोन्हींत चित्रे नव्हती. सगळा खेळ आकड्यांचा आणि शब्दांचा, धावपटू पोचला किंवा बाद झाला एवढेच. कसा पोचला हा प्रश्नच नव्हता. 1978 च्या अटारीच्या खेळात पडद्यावर माणसे आली, पण ती चार ठिपक्यांची. ठिपक्याने घसरायचे कसे?

1983 मध्ये याच डॅग्लोंनी एडी डॉम्ब्राउअर यांच्याबरोबर इंटेलिव्हिजन या यंत्रासाठी नवा खेळ केला. त्यात टीव्हीवरच्या सामन्यासारखी निरनिराळ्या कोनांतून दृश्ये दिसत. या डॉम्ब्राउअरांनी त्याआधी नृत्याच्या हालचाली संगणकावर लिहून ठेवण्याची पद्धत तयार केली होती! नर्तकाचे पाऊल टिपणारा माणूस पुढे बेसबॉलचे पाऊल टिपू लागला, हे वाचून मला फार आनंद झाला. 1987 साली दोघांनी बाल्टिमोरचे नामवंत व्यवस्थापक अर्ल वीव्हर यांच्याशी तासन् तास बोलून त्यांची विचार करण्याची रीत खेळात उतरवली. म्हणजे आधी संगणकात आकडे आले, मग शरीर आले, मग शहाणपण आले. 2004 पर्यंत तर खेळणाऱ्याच्या अंगठ्याखालच्या छोट्या दांडीने कसे घसरायचे तेही ठरवता येऊ लागले.

आणि इथे कार्यक्रम लिहिणाऱ्यापुढे खरा पेच येतो. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रे फिरत असतील तर एका चित्रात धावपटू साधारण साडेपाच इंच सरकतो. सुराचे दृश्य दोन चित्रे लवकर संपले तर सूर मारणारा जिंकणार, दोन उशिरा संपले तर धावणारा. मैदानावर जे माती ठरवते, ते इथे एका माणसाने टेबलाशी बसून ठरवायचे. तो म्हणू शकतो, पहिल्या बेसवर सूर मारायचे बटणच चालू द्यायचे नाही. म्हणजे चूक करताच येणार नाही. किंवा तो म्हणू शकतो, मारू दे सूर, पण त्याची किंमत खरी लागू दे. मला विचाराल तर दुसरे बरोबर. ज्या फळ्यावर चुकीचे उत्तर लिहिताच येत नाही, त्या फळ्यावर मुलगा बरोबर उत्तर शिकला की नाही, हे कसे कळायचे? मात्र तिसरी गोष्ट करू नये. दिसायला छान म्हणून सुराला फुकटचे इंच देऊ नयेत. मग तो खेळ खोटे शिकवू लागतो, आणि खोटे शिकलेले पोर उद्या खऱ्या मैदानावर बोटे मोडून घेते. हल्ली खरे खेळाडूसुद्धा घसरताना बोटे वाचवायला जाडजूड हातमोजा घालतात, कढई उतरवायच्या मोज्यासारखा. यावरून काय ते ओळखा.

खरी किंमत केवढी असते, तर ऐका. 29 ऑक्टोबर 2014, कॅन्सस सिटी. वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना, रॉयल्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को जायंट्स. तिसरा डाव, 2-2 बरोबरी, लॉरेंझो केन पहिल्या बेसवर. एरिक हॉस्मरने चेंडू मधोमध टोलावला. जो पॅनिकने आडवे पडून तो अडवला आणि हातमोज्यातूनच ब्रँडन क्रॉफर्डकडे उडवला. केन बाद. क्रॉफर्डची फेक पहिल्या बेसवर आली आणि त्याच क्षणी हॉस्मरने डोके पुढे करून सूर मारला. पंच म्हणाले, नाबाद. चित्रफीत पाहून निर्णय बदलण्याची सोय त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली होती. जायंट्सच्या ब्रूस बोचींनी दाद मागितली. जवळपास तीन मिनिटे सगळे मैदान थांबले, आणि निर्णय फिरला. एका चेंडूवर दोघे बाद. जायंट्स 3-2 ने जिंकले.

हॉस्मर कोण होता? उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लोव्ह’ मिळवलेला खेळाडू. आणि जागा कोणती? पहिला बेस! ज्या गादीवर उभा राहून तो रोज दुसऱ्यांना बाद करत होता, तिथेच त्याने सूर मारला. त्याला माहीत नव्हते असे कसे म्हणावे? माहीत असणे आणि चार सेकंदांत ते पायांपर्यंत पोचणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जीव तोडून काहीतरी करावे असे वाटते तेव्हा शरीर आपोआप जमिनीकडे झेपावते. त्या क्षणी नुसते धावत राहणे शरीराला फार कमी वाटते.

पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 2015 ला न्यूयॉर्कमध्ये, हाच हॉस्मर मेट्सविरुद्ध नवव्या डावात तिसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे सुटला आणि डोके पुढे करून सूर मारून पोचला. बरोबरी झाली, आणि बाराव्या डावात रॉयल्स विजेते ठरले. होम प्लेटवर अंगाला चेंडू लावून बाद करतात, म्हणून तिथे तो सूर योग्यच होता. सूर तोच, माणूस तोच, जागा वेगळी.

शाळेत मी वर्षानुवर्षे क्रीडादिनाला शर्यतीच्या शेवटी फीत धरून उभा राहिलो आहे. मुले फितीपाशी आली की वेग कमी करत, नाहीतर अंग झोकून देत आणि गुडघे फोडून घेत. टाळ्या फुटलेल्या गुडघ्यांना मिळत. मी घसा कोरडा करून सांगायचो, फीत विसरा, फितीच्या पुढच्या त्या कडुलिंबापर्यंत पळा. परीक्षेतही तेच. पुरवण्यांवर पुरवण्या मागणाऱ्या मुलाकडे वर्ग आदराने बघे. मूळ पेपरातच नेमके लिहून शांतपणे बाहेर पडणाऱ्या मुलीकडे कोणी बघत नसे. आपल्याला दिसणारे कष्ट कळतात. धूळ उडाली नाही की कष्टच झाले नाहीत असे वाटते, घरात, शाळेत, आणि मैदानावरसुद्धा.

2023 पासून मेजर लीगमधल्या गाद्या 15 इंचांच्या 18 इंच झाल्या. त्यामुळे पहिला बेस फलंदाजाला 3 इंचांनी जवळ आला. हे इंच सरळ धावणाऱ्याला आपसूक मिळतात, सूर मारणारा ते मातीत घालवून बसतो. नातवाला मी एवढेच सांगितले आहे, की सूर जरूर मार, पण आधी बघ, या बेसवर थांबायचे आहे की पुढे जायची मुभा आहे. त्याने मान डोलावली. पुढच्या डावात काय केले ते मी विचारले नाही.

असो. तुमच्या पाहण्यात अशी धूळ उडवणारी किंवा न उडवणारी माणसे आली असतील तर जरूर कळवा.