दक्षिण कोकणातील अवशिष्ट वने : मालकी आणि मर्यादा

मालवणच्या उत्तरेस, समुद्र आणि गड नदीची खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर तोंडवली हे गाव वसलेले आहे. तेथील किनाऱ्याची शोभा वाढविणारे सुरूचे बन लावणीचे असून सुरू हा कोकणचा मूळ वृक्ष नव्हे. या प्रदेशाच्या मूळ वनश्रीचा शोध घ्यावयाचा, तर गावोगावच्या देवराया आणि पूर्वेकडील सह्याद्रीचा पायथा यांकडे वळावे लागते. मधले रान का नाहीसे झाले व हे तुकडे तेवढे का उरले, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे.

मालवणचा प्रदेश इ. स. १८१२ मध्ये इंग्रजी अंमलाखाली आला. पुढे १८२४ साली कलेक्टर डनलॉप यांनी जाहीरनामा काढून रयतेच्या जमिनीतील झाडांवरील सरकारी हक्क सोडला. लोकांनी झाडे लावावी व जोपासावी, हा त्यामागील हेतू होता. परंतु मुंबईची सरपणाची मागणी, गलबतांसाठी लागणारे लाकूड आणि भातशेतीच्या भाजावळीसाठी होणारी कवळतोड यांपुढे तो हेतू टिकला नाही. १८४७ साली डॉ. गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८७८ च्या कायद्याने राखीव वनांची व्यवस्था घालून दिली. तथापि खोती गावांतील बरेचसे रान खाजगीच राहिले. एका धोरणाने हक्क दिला, दुसऱ्याने तो आवळला. परंतु दोहोंचाही विचार मालकीपुरताच होता.

देवराईचे तत्त्व निराळे. तेथे प्रश्न मालकीचा नसून मर्यादेचा होता. गावऱ्हाटीत देवाला कौल लावल्यावाचून राईतील झाड तोडावयाचे नाही, हा दंडक मानकऱ्यांनाही चुकत नसे. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासामुळे या रायांचे वनस्पतिशास्त्रीय मोल विद्वानांपुढे आले.

याचे ठळक उदाहरण पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानच्या मुलुखात, दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे आढळते. तेथील राईत रानजायफळाची दलदल टिकून आहे. चिखलात प्राणवायू दुर्मिळ असल्याने हे वृक्ष खोडापासून फुटणाऱ्या आधारमुळांवर उभे राहतात. अशा दलदलींचे वर्णन १९६० साली त्रावणकोरमधून प्रसिद्ध झाले; गोव्यात सत्तरीतील बांबर येथेही अशी दलदल निरंकाराची राय म्हणून राखली गेली आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये बांबर्डे येथील २.५९ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. असे स्थळ स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून ठरवावे, असे तो कायदा सांगतो. मर्यादेच्या जुन्या तत्त्वाला कायद्याची जोड मिळाली, ती येथे.

मात्र एवढ्याने रक्षण पुरे झाले असे मानणे धाडसाचे ठरेल. कौल झाड राखतो, तसाच मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी तोडीची परवानगीही देऊ शकतो. शिवाय दलदलीचे जीवन वाहत्या पाण्यावर अवलंबून आहे, आणि ते पाणी राईच्या सीमेबाहेरील उतारांवरून येते. त्या उतारांवरील रान काजू वा रबराच्या लागवडीसाठी साफ झाले, तर राईतील एकाही झाडाला कुऱ्हाड न लागता राई सुकेल. म्हणून संरक्षणाचे एकक राई नसून तिचा ओहोळ व त्याचे पाणलोट हे होय. गावाची संमती आणि कायद्याची सीमा ही दोन्ही तेथवर पोहोचली, तरच देवाच्या नावाने राहिलेले हे वन पुढच्या पिढीस दिसेल.