सेक्टरांमधलं गाव

मुंबईत खिशाला परवडेल आणि जिवंतही वाटेल अशी वस्ती कुठे मिळेल? आजची तरुण मंडळी हा प्रश्न विचारतात. १९६०च्या दशकात तो नियोजनकारांनाही पडला होता. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी तेव्हा सुचवलं, की मुंबई उत्तरेकडे ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. कल्पना चांगलीच होती. फक्त नकाशावर जी जागा मोकळी दिसत होती, तिथे ९५ गावं नांदत होती. बेलापूरला खाडीकाठी असलेलं दिवाळे त्यांतलंच एक. कोळ्यांचं गाव.

भूसंपादनाचा मोबदला सातबाऱ्यावर ठरतो. आता खाडीचा सातबारा कुणाच्या नावावर असणार? ज्यांचं शेत म्हणजे पाणीच, त्यांनी कागद कुठला दाखवायचा? शेतकऱ्यांकडे निदान तो होता, पण भाव मान्य नव्हता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली.

गावठाणाची हद्द मात्र होती तिथेच राहिली. माणसं वाढली, मुलांची लग्नं झाली. घरावर घर चढलं, वरच्या खोल्या भाड्याने गेल्या. बेलापूरच्या कचेऱ्यांत नव्याने लागलेल्या माणसाला टॉवरमधला फ्लॅट कसा परवडणार? तो गावात खोली घेतो. खोली स्वस्त का, तर गल्ली अरुंद, कागद कच्चे, बँक कर्ज द्यायला कचरते. आणि कचेऱ्या सुटल्या की सेक्टर सुने होतात, पण गावात धक्क्यावरची ये-जा, मासळीबाजार, ओट्यावर बसलेली माणसं असतात. ही जाग कुठल्या आराखड्यातून आलेली नाही.

याच बेलापुरात १९८०च्या दशकात कोरियांनी आर्टिस्ट व्हिलेज बांधलं. सात-सात घरं एका अंगणाभोवती, आणि गरजेप्रमाणे रहिवाशांनी घर वाढवावं अशी सोय. जगभरचे विद्यार्थी ते अभ्यासतात, आणि अभ्यासावं असंच ते आहे. पण मला नेहमी वाटतं, घर वाढवणं एकीकडे वास्तुकला ठरलं आणि गावठाणात अतिक्रमण. तुम्ही म्हणाल, तिथे भूखंड स्वतःचा होता, इथे जमीन संपादित. कायद्याच्या दृष्टीने हा फरक खराच आहे. पण तो फरक ज्या संपादनातून आला, त्यात गाव वाढणार हे कुणी धरलंच नव्हतं, ही गोष्ट कायदा सांगत नाही.

घरं नियमित करण्याचे शासननिर्णय वेळोवेळी निघाले. ती व्हावीत असं मीही म्हणतो. मात्र कागद पक्के झाले की भाडं वाढणार, इमारती बिल्डरकडे जाणार. मालकाला न्याय मिळाला त्याच दिवशी भाडेकरूला सामान बांधावं लागेल. तो कुठे जाईल? पनवेलच्या बाजूला, आणखी एखाद्या गावठाणात. त्या भागातली दहा गावं अलीकडेच विमानतळासाठी उठवली गेली.